आठवीची वही ते बारावीचा फॉर्म: शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाने करिअरचं काम कसं करावं

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या बऱ्याच शाळांत एक व्याख्यान ठरलेलं असतं. ‘दहावीनंतर काय?’ या विषयावर पाहुणे दीड तास बोलतात आणि मग पालक त्यांना हॉलच्या दारात गाठतात. “याला त्र्याहत्तर टक्के आहेत, काय घ्यावं?” पाहुणे मनापासून उत्तर देतात. पण त्या मुलाला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलेलं असतं आणि घरात निम्मे निर्णय आधीच झालेले असतात.

अमेरिकेत हायस्कूलमध्ये या कामासाठी पूर्णवेळ समुपदेशक असतात. २५० विद्यार्थ्यांमागे एक असावा, अशी तिथल्या समुपदेशक संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो. मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मात्र हे काम गणिताचे सर किंवा मराठीच्या मॅडम आपले तास सांभाळून करतात. हा लेख अशा सर-मॅडमसाठी आहे. मुलाने काय व्हावं हे ठरवणं आपलं काम नाही. एखादा रस्ता त्याला केवळ माहिती नव्हती म्हणून किंवा कागद नव्हता म्हणून बंद होऊ नये, एवढं आपण नक्की बघू शकतो. त्यासाठी कोणत्या इयत्तेत काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आठवीत वही उघडा

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला दोन पानं द्या. टक्के लिहायला शाळेचं दप्तर आहे. या वहीत दप्तरात नसलेल्या गोष्टी लिहायच्या. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘वडील शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला, पाळी बदलते. आई शिवणकाम करते. गणितात जेमतेम, पण भूमितीच्या आकृत्या स्वच्छ. प्रयोगशाळेतला बंद पडलेला पंखा याने चालू केला. मोठ्या बहिणीचं शिक्षण बारावीला थांबलं, कारण विचारायचं.’ पाच ओळीच आहेत, पण दहावीत त्या मुलाशी बोलायला बसलं की गुणपत्रिकेपेक्षा त्याच जास्त उपयोगी पडतात.

आठवीतच एनएमएमएसची परीक्षा असते. शासकीय, अनुदानित शाळेतल्या आणि साडेतीन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये राधानगरी किंवा चंदगडच्या एखाद्या घराला कॉलेजचा निर्णय घेताना मोठा आधार देतात. ठरावीक हुशार मुलांनाच बसवायची सवय मोडा आणि पात्र असलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरा.

चित्रकला शिक्षकांशीही याच सुमारास बोलून घ्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणाचा हात चांगला आहे, हे तेव्हाच कळतं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात एखाद्या मुलीने बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायचं म्हटलं तर घरच्यांना धक्का बसू नये. त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते आणि पुढे ॲनिमेशनपासून कापडाच्या डिझाइनपर्यंत कामं असतात, हे त्यांना वेळेत माहीत असायला हवं.

नववीत ऐका

प्रत्येक मुलाशी वर्षातून दोनदा पंधरा मिनिटं तरी एकटं बोला. स्टाफरूम नको, तिथे बाकीचे शिक्षक असतात. मैदानाच्या कडेचा कट्टा चांगला. ‘तुला काय व्हायचंय?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्याचं पाठ केलेलं उत्तर येतं. शाळा सुटल्यावर काय करतोस, घरातलं कोणतं काम तुझ्याकडे आहे, कशात वेळ गेला ते कळत नाही, असं विचारा.

करवीर तालुक्यातल्या एका मुलीशी झालेलं बोलणं सांगते.

“मॅडम, मला पोलीस व्हायचंय.”

“का गं?”

“आमच्या गल्लीतली ताई लागली. तिला सगळी मानत्यात.”

“बरं. आणि घरी गेल्यावर काय करतेस?”

“म्हशींचं बघायचं. डेअरीत दूध घालायचं. बिलाचं पण मीच बघते. पप्पांना फॅटचं कळत नाय. परवा दहा दिवसांच्या बिलात दोन लिटर कमी धरलं होतं, मी दाखवलं मग त्यांनी दुरुस्त केलं.”

मी वहीत दोन्ही लिहून घेतलं. पोलीस भरती खोडायचं कारणच नाही. शिपाई भरतीला बारावी पास लागते आणि मुलींसाठी उंचीची अट १५५ सेंटिमीटर आहे, हे तिला सांगितलं आणि तिथेच भिंतीला उभं करून उंची मोजली. ती बसत होती. पण हिशोब धरणारी आणि मोठ्या माणसाची चूक न घाबरता दाखवणारी मुलगी लेखापरीक्षणात, बँकेत, डेअरी तंत्रज्ञानातही जाऊ शकते. ही नावं तिने कधी ऐकलीच नव्हती. तिचं स्वप्न न हलवता शेजारी आणखी दोन-तीन वाटा मांडून ठेवल्या. अशा बोलण्यातून एवढं साधलं तरी पुष्कळ आहे.

कलचाचण्यांबद्दल थोडक्यात सांगते. चाचणी जरूर घ्या, पण तिचा कागद मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. ‘तांत्रिक कल’ असं छापून आलं की घरात त्याचा अर्थ ‘इंजिनिअर’ एवढाच होतो. वहीतल्या नोंदी आणि चाचणीचा निकाल जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर वहीवर जास्त भरवसा ठेवा.

कामं प्रत्यक्ष दाखवा

नववी ते अकरावीच्या काळात सहलीचा एक दिवस यासाठी काढा. आपल्या जिल्ह्याएवढी सोय फार कमी ठिकाणी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, इचलकरंजीत यंत्रमाग, हुपरीत चांदीकाम. साखर कारखाने तर जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या वाटेवर लागतात.

फाउंड्रीत नेलं तर भट्टीसमोर फोटो काढून परत येऊ नका. वितळलेलं लोखंड मोल्डमध्ये पडतं तिथून तयार कास्टिंग गाडीत चढेपर्यंत किती माणसांचे हात लागतात, ते मुलांना मोजायला लावा. पॅटर्न बनवणारा, वाळू तपासणारा, धातूचा नमुना प्रयोगशाळेत नेणारी मुलगी, व्हीएमसी हे संगणकावर चालणारं यंत्र चालवणारा, संगणकावर डिझाइन करणारा, क्वालिटीचा, खरेदीचा, निर्यातीची कागदपत्रं बघणारी. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: इथे यायला तुम्ही काय शिकलात? आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी केमिस्ट्री, बीकॉम, बीई अशी सगळी उत्तरं एकाच छताखाली मिळतात. ज्या मुलाचे वडील तिथेच मोल्डिंगला आहेत, त्यालाही वडिलांच्या कारखान्यात एवढी कामं आहेत हे बहुधा माहीत नसतं.

सीपीआर रुग्णालयात असंच करा. डॉक्टर सगळ्यांना दिसतात. एक्स-रे काढणारा, रक्त तपासणारी, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता, परिचारिका यांच्याकडे मुलांचं लक्ष वेधावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांचं काम इथे येतं. त्यामुळे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाबद्दल मुलं आता आपणहून विचारतात. त्याचीही वेगळी सीईटी आहे.

खेळणाऱ्या पोरांकडे खास लक्ष द्या. तालमीत जाणारं पोर वर्गात पेंगतं म्हणून त्याला नावं ठेवणं सोपं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधी तो क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि रेल्वेत नोकरीला लागला. प्रबोधिनीची निवड, दहावी-बारावीतले क्रीडा गुण, शासकीय नोकरीतलं पाच टक्के आरक्षण या सगळ्याचा पाया म्हणजे प्रमाणपत्रं. ती शाळेत असतानाच नीट फायलीत लावायला शिकवा. स्पर्धेचं प्रमाणपत्र वेळेत पडताळून घेतलं नाही तर आरक्षणाच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही.

दहावीत शाखा: काय सुटतं ते आधी सांगा

कोणत्या शाखेतून काय काय करता येतं, हे सगळेच सांगतात. ही शाखा घेतली तर कोणती वाट बंद होते, तेही सांगा. विज्ञान शाखेत गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. भूदलाला कोणतीही शाखा चालते. पिढ्यानपिढ्या सैन्यात जाणाऱ्या सैनिक टाकळीसारख्या गावाचा वारसा असलेल्या जिल्ह्यात हे प्रत्येक नववीच्या वर्गात फळ्यावर लिहायला हवं. जीवशास्त्र सोडलं की ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा गेली. फार्मसी आणि कृषीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक गट चालतो. सीए, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट, स्पर्धा परीक्षा यांना शाखेची अट नाही. त्यामुळे ‘कॉमर्स-आर्ट्सवाल्यांना पुढे काही नसतं’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येईल, तिथे शांतपणे यादी ठेवा.

कला शाखा घेणाऱ्या मुलाला ‘एवढे मार्क असून?’ असं आपण शिक्षकांनी तरी विचारू नये. मला याचा फार त्रास होतो. चांगला इतिहास वाचणारं मूल रडत रडत अकरावी सायन्सचं प्रॅक्टिकल करताना दिसतं, तेव्हा तो निर्णय फक्त पालकांचा नसतो. शाळेच्या सत्कार समारंभाचाही त्यात हात असतो.

डिप्लोमा आणि आयटीआय कमी मार्कांच्या मुलांसाठी असतात, हा समज काढायला बराच वेळ द्यावा लागतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि त्याला एमएचटी-सीईटी लागत नाही. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. त्या पंखा दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या वडिलांना मी हे कागदावर जिना काढून दाखवलं. एकेका पायरीवर किती वर्षं, किती खर्च आणि तिथेच थांबलं तर कोणती नोकरी, ते लिहिलं. कळंबा रोडवरच्या आयटीआयचं नाव ऐकताच हिरमुसलेले वडील शेवटी म्हणाले, “म्हंजे मधेच अडलं तरी पोरगं रिकामं ऱ्हात नाय.” त्यांची खरी भीती तीच होती.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. दहापर्यंत पसंतीची कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. म्हणून ‘पहिल्या नंबरला सहज म्हणून’ काहीही टाकू देऊ नका. खेड्यातल्या मुलीचा पसंतीक्रम लावताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पण शेवटची गाडी साडेपाचला आणि प्रॅक्टिकल सहाला सुटत असेल, तर दिवाळीपर्यंत ती मुलगी घरी बसते.

कागदपत्रं: मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

मार्क आहेत, सीईटीचा स्कोअर आहे आणि कागद नाही म्हणून राखीव जागा गेली, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. पालकांना वाटतं जातीचा दाखला म्हणजे झालं. तसं नसतं.

सुरुवात नावापासून करा. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी प्रत्येक मुलाचं जनरल रजिस्टर, आधार कार्ड आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून बघा. वडिलांचं नाव एकीकडे ‘बाळू’, दुसरीकडे ‘बाळासाहेब’. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. जन्मतारीख उलटी. मूल शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते. दाखला हातात पडला की तीच गोष्ट महिनोन्‌महिने चालते.

मग जात वैधता. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास, विशेष मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते. अर्ज कॉलेजच्या पत्रासह अकरावीतच करा. बारावीच्या मे महिन्यात रांग किती मोठी असते, ते ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे. घरच्यांना जुना पुरावा शोधायला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या सुट्टीतच त्यांच्या हातात ही यादी द्या: वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुनी महसुली कागदपत्रं. नोंद शक्यतो प्रवर्गाच्या मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीची हवी. अनुसूचित जातीसाठी तो १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपल्या भागात जुनी नोंद मोडी लिपीत सापडते. तिचं मोडी जाणणाऱ्याकडून प्रमाणित लिप्यंतर करून घ्यावं लागतं आणि त्यालाही दिवस जातात. रक्ताच्या नात्यातल्या कुणाकडे, म्हणजे चुलत्याकडे किंवा आत्याकडे, वैधता असेल तर काम बरंच हलकं होतं. म्हणून ‘भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, काढताना मुदत बघा. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असलं पाहिजे. जेईई आणि नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढावं लागतं. मराठा समाजाच्या मुलांना राज्यात एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गाचं, आरक्षण आहे, पण केंद्रीय संस्थांत ते चालत नाही. तिथे पात्र असतील तर ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं. हे न कळल्यामुळे चांगला स्कोअर घेऊन खुल्या रांगेत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

वहीत प्रत्येकाच्या पानावर कागदांच्या नावांचा एक चौकोन आखा. मिळाला की तारीख टाका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ज्यांचे चौकोन रिकामे आहेत त्यांना बोलवा. ओरडू नका, अडलंय कुठे ते विचारा. कितीतरी वेळा उत्तर एवढंच येतं, “पप्पांना सुट्टी नाही.” तेव्हा सेतू केंद्रात काय काय न्यायचं, ते आईला किंवा चुलत्याला समजावून सांगितलं की काम होतं.

अकरावी-बारावी: परीक्षा आणि पसंतीक्रम

हायस्कूलला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर हे काम तुमच्याकडेच येतं. नसेल तरी जुनी मुलं विचारायला येतातच. कोणत्या परीक्षा द्यायच्या, याची यादी छोटी ठेवा. एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते आणि तिला निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. त्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन असतं, म्हणून अकरावीकडे पूर्ण दुर्लक्ष करणारी मुलं तिथेच मागे पडतात. नीट ७२० गुणांची असते आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. दोन्हींची सवय वेगळी लागते. बीबीए, बीसीएलाही आता सीईटी आहे. कॉमर्सच्या मुलांना हे उशिरा कळतं, म्हणून सूचना फलकावर लावा.

प्रवेश फेरीचा पसंतीक्रम भरताना एकच नियम पाळा: ज्या क्रमाने हवंय, त्या क्रमाने भरा. ‘मला तिथे मिळणार नाही’ म्हणून हवं ते कॉलेज खाली ढकलू नका. मागच्या वर्षीचा कटऑफ आधाराला घ्या, तो या वर्षीही तसाच राहील असं धरून चालू नका. सीट पक्की करण्याचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, मित्राचा व्हॉट्सॲप मेसेज नको. लॉगिनचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे राहू देऊ नका. तो मुलाच्या वहीत आणि आईच्या डायरीत असावा.

पैशाचं बोलणं टाळू नका

सन १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग एकामागून एक समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि जेवण मिळालं तर ते शिकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आजही प्रवेश मिळाल्यावर अडतं ते राहण्या-जेवणापाशी. म्हणून फीच्या चौकशीबरोबरच वसतिगृहाची चौकशी करा. समाजकल्याणची वसतिगृहं, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना यांचे अर्ज कधी सुटतात ते नोंदवून ठेवा.

फीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. ‘मुलीला एवढं कशाला?’ असं म्हणणाऱ्या घरात मी हा शासन निर्णय छापून घेऊन जाते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, तेही बघा. नसेल तर मंजूर झालेली रक्कमही खात्यात येत नाही.

निकालाचा दिवस आणि पुढचे महिने

निकालाच्या दिवशी दुपारी शाळेत थांबा. पेढे घेऊन येणारे येतातच, पण जे आले नाहीत त्यांची यादी करून फोन लावा. नापास झालेल्या मुलाला जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेची माहिती त्याच दिवशी मिळायला हवी. बोलताना मूल फार खचलेलं वाटलं तर घरच्यांना त्याला एकटं सोडू नका म्हणून स्पष्ट सांगा. टेलि-मानसची मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर बारावीच्या प्रवेशपत्राबरोबर प्रत्येकाला लिहून द्या.

प्रवेश झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. सप्टेंबरच्या सुमारास सगळ्यांना एकदा फोन करा. कॉलेजला जातोस का, खोली मिळाली का, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर आला? त्या वेळेपर्यंत काहीजणांनी जाणं सोडलेलं असतं आणि कारण बहुतेक वेळा लहान असतं. इंग्रजीत शिकवलेलं कळत नाही, मेसचे पैसे थकलेत. त्यावर तेव्हाच काहीतरी करता येतं. उत्तरं त्याच वहीत लिहा. बदली झाली किंवा निवृत्त झालात तर ती वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या आणि कोणत्या पानावरची मुलं अजून अडलेली आहेत, ते बसून समजावून सांगा.